शब्दचर्चा: 'पोतोप'ला मराठीत काय म्हणाल?

मुळाक्षर:
आमचं आठ-दहा जणांचं एक चित्रपट मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये पडदा लावायचा, मध्यंतराला चहा-भजी. पुढच्या खेपेला येझी हॉफमनचा १९७४ सालचा पोलिश सिनेमा 'पोतोप' ठरलाय. दोन भाग, मिळून पाच तासांच्या वर, म्हणजे दोन शनिवार. मंडळातल्या दोघा ज्येष्ठांना इंग्रजी सबटायटलं झेपत नाहीत. मी नोकरीपायी व्रोत्सवाफला दोन वर्षं काढून मोडकीतोडकी पोलिश शिकून आलोय, तेव्हा मराठी सबटायटलं माझ्या गळ्यात पडली. आणि पहिल्याच पाटीला, म्हणजे नावालाच, गाडी अडली आहे.

पोलिशमध्ये पुराला दोन शब्द. नदी फुगली, गावात पाणी शिरलं, की तो 'पोवुच'. 'पोतोप' म्हणजे बायबलातला, नोहाच्या वेळचा. १६५५ साली स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव फौज घेऊन पोलंड-लिथुआनियात घुसला. उन्हाळ्यात सुरुवात झाली, सप्टेंबरात वॉर्सा गेलं, ऑक्टोबरात क्राकूफ गेलं. राजा यान काझिमियेश सायलेशियात पळाला आणि भलेभले सरदार स्वीडनला जाऊन मिळाले. १६६०च्या तहापर्यंत हे चाललं. या सगळ्या काळालाच तिथे 'स्वीडिश पोतोप' म्हणतात. हेन्रिक शेंक्येविचच्या १८८६च्या 'पोतोप' कादंबरीने ते नाव घरोघरी नेलं, सिनेमा तिच्यावरूनच काढलाय. कादंबरी आली तेव्हा पोलंड नकाशावरच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेऊन नव्वद वर्षं उलटली होती. त्यामुळे वाचणाऱ्याला 'बुडालो होतो, पण वर आलो' ही गोष्ट नुसत्या इतिहासाची वाटत नव्हती.

आता मराठी. 'महापूर' लिहिलं की मला २०१९चं सांगली-कोल्हापूर दिसतं. पंचनामे, सानुग्रह अनुदान, बोटीत बसवलेली म्हैस. 'लोंढा' चांगला आहे, पाण्याचाही असतो आणि माणसांचाही, पण लोंढा येतो आणि जातो. पाच वर्षं राहत नाही. 'जलप्रलय' हा मराठी बायबलातला शब्द, अर्थाने सगळ्यात जवळ. पण 'प्रलय' म्हटलं की सृष्टीच विरघळते, मागे कुणी उरत नाही. इथे तर पाणी ओसरतं, आणि सगळी गोष्टच त्या ओसरण्याची आहे. शिवाय 'प्रलय' वाचून लोकांना परग्रहावरचे राक्षस येतील असं वाटायचं.

सुचवा काहीतरी.

सांजवात:
प्रलयानंतर कुणी उरत नाही हे कुणी सांगितलं? मनूची नाव विसरलात की काय? मत्स्यावताराची गोष्ट आपल्याकडे प्रलयाचीच म्हणून सांगतात, आणि त्यात मनू उरतो, बीजं उरतात. तेव्हा त्या मुद्द्यावर प्रलयाला बाद करू नका.

मात्र एक गंमत सांगते. ही गोष्ट शतपथ ब्राह्मणात येते, तिथे मासा मनूला 'प्रलय येणार' असं सांगतच नाही. तिथे शब्द आहे 'औघ'. म्हणजे आपला 'ओघ'. सगळी प्रजा वाहून नेणारा तो औघ मराठीत येईपर्यंत इतका निवळला, की आता ओघवती भाषा असते आणि 'ओघाने आलंच' म्हणून आपण चहा मागवतो. तुमच्या सिनेमाला 'ओघ' नाव दिलंत तर लोक नदीवरचा माहितीपट समजतील.

दफ्तरदार:
मुळाक्षर, पाण्यात कशाला शिरता? मराठीत परचक्राला स्वतःचा शब्द आहे: धामधूम. जुने कागद वाचा. 'मुलखात धामधूम आहे', 'मोगलांच्या धामधुमीमुळे गाव वैराण झाला', अशी वाक्यं पानोपानी भेटतात. फौजा फिरतायत, रयत परागंदा झाली आहे, कोण कुणाच्या बाजूला आहे याचा पत्ता नाही, हा सगळा मामला त्या एका शब्दात येतो. आणि काळही अगदी तोच. इकडे १६५६ला जावळी, १६५९ला अफझलखान, १६६०ला पन्हाळ्याचा वेढा. तिकडची धामधूम आणि इकडची धामधूम एकाच दशकातली.

चिकूमिल्कशेक:
'स्वीडनची धामधूम' 😄 काका, आईशप्पथ लग्नाचा पिक्चर वाटतोय. गणपतीची खरेदी, मांडव, सनई.

दफ्तरदार:
तो तुमच्या पिढीचा दोष. शब्दाचा नाही.

भरतीओहोटी:
मी खेडचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्या नदीचं नाव कुणाला आठवलं नाही याचं नवल वाटलं. जगबुडी! दर पावसाळ्यात 'जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडली' अशी बातमी असतेच. बाहेरचा माणूस दचकतो, आम्ही दुकानातला माल वरच्या फळीवर ठेवतो.

पण नदी सोडा, शब्द बघा. जगबुडी म्हणजे सगळं जग पाण्याखाली जाणं. माझी आजी नोहाबिहा ऐकून नव्हती, पण १९६७च्या भूकंपाची गोष्ट सांगताना म्हणायची, 'वाटलं जगबुडीच आली.' भूकंपाला जगबुडी! म्हणजे पाणी पाहिजेच असं नाही. स्वीडनची फौजसुद्धा चालेल.

मुळाक्षर:
भरतीओहोटी, तुम्हाला साष्टांग. मी काल रात्रभर यावर विचार करत होतो, आणि हा शब्द जितका वरवर दिसतो त्याहून खोल बसतो.

'पोतोप'मध्ये जो 'तोप' आहे तो 'तोपिच' या क्रियापदाचा. तोपिच म्हणजे बुडवणं. म्हणजे पोलिश शब्द मुळात पावसाचाही नाही आणि नदीचाही नाही, तो बुडवण्याचा आहे. आपलं 'बुडणं'ही पाण्यापुरतं कधीच नव्हतं. पैसे बुडतात, पेढी बुडते, धर्म बुडतो, शाळा बुडते, राज्य बुडतं. समर्थांनी 'बुडाला औरंग्या पापी' लिहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी नसणार. महापुरात हे सगळं बुडत नाही. जगबुडीत बुडतं.

आणि हे पाहा. 'आमच्यानंतर जगाचं काहीही होवो' या अर्थी पोलिशमध्ये म्हणतात 'पो नास होच्बी पोतोप', शब्दशः 'आमच्यामागे पोतोप का येईना'. याला मराठी म्हण काय? 'आप मेला, जग बुडाला.' जग आणि बूड, दोन्ही हजर! आता कुणी मला यापेक्षा चांगला पुरावा दाखवा.

चिकूमिल्कशेक:
पुरावा भारी आहे. पण एक सांगू? 'जगबुडी' मी आयुष्यात फक्त टोमणा म्हणून ऐकलाय. 'एक दिवस क्लासला नाही गेलास तर काय जगबुडी येणारे?' घरी हा शब्द निघाला की समजायचं, काहीही होणार नाहीये. पोस्टरवर वाचल्यावर मला विनोदी सिनेमा वाटेल.

सांजवात:
टोमणा बसतो तो मूळ शब्दाला वजन आहे म्हणूनच, बाळा. 'काय पोवुच येणारे' असं म्हणून बघ बरं, बसतोय का.

पण चिकूचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. संवादात पाचव्या मिनिटाला कुणी गंभीर चेहऱ्याने 'स्वीडिश जगबुडी' म्हणालं तर हसू फुटेल. नाव एकटं उभं राहू दे, विशेषण लावू नका.

मुळाक्षर:
हेच ठरवलं. पाटीवर एकटं 'जगबुडी'. पात्रांच्या तोंडी मात्र दफ्तरदारकाकांची 'धामधूम'. 'या धामधुमीत घर कोण सांभाळणार' असं वाक्य आलं की लग्नाचा वास आपोआप जातो, वाक्यच त्याला पिटाळून लावतं.

आता दुसरी अडचण, आणि खरं सांगायचं तर मला जास्त छळणारी. या सिनेमातलं एक वाक्य पोलंडमध्ये म्हणीसारखं झालंय. आंजेय क्मिचित्स हा तरणाबांड, रगेल, गावंच्या गावं पेटवून देणारा गडी (दानिएल ओल्ब्रिख्स्की). त्याची गाठ पडते मिहाव वोवोदियोव्स्कीशी, जो दिसायला एवढासा, 'छोटा शिलेदार' म्हणूनच ओळखला जाणारा, पण तलवारीत अख्ख्या मुलखात पहिला (तादेउश वॉमनित्स्की). पाऊस कोसळतोय, खाली चिखल. क्मिचित्स बैलासारखा अंगावर जातो, आणि हा बुटका एका जागी उभा राहून मनगटाच्या झटक्याने त्याचे वार उडवून लावतो. जणू माशा वारतोय. क्मिचित्सला कळून चुकतं की आपल्याशी खेळ चाललाय. मग तो धापा टाकत म्हणतो:

'कोंच वाश्च, फ्स्तिदु ओश्चेंच!'

सरळ अर्थ: संपव, लाजेतून सोडव. गोम आहे 'वाश्च'मध्ये. मूळ 'वाशा मिवोश्च', शब्दशः 'आपली प्रीती'. ते झिजत झिजत 'वाश्मोश्च' झालं, आणखी झिजून 'वाश्च'. बरोबरीच्या खानदानी माणसाला हाक मारायचा शब्द. आणि 'कोंच' हे क्रियापद मात्र चक्क 'तू'चं, एकेरी. मान आणि एकेरी एकाच वाक्यात. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस मारणाऱ्याला 'अहो-जाहो' म्हणतोय की 'अरे-तुरे'?

दफ्तरदार:
'आपली प्रीती' वाचून थांबलो. आपल्या पत्रांचा शेवट आठवा: 'बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा.' तो लोभ म्हणजे हावरटपणा नव्हे, प्रीतीच. त्यांनी प्रीतीची हाक केली, आपण तिला पत्राच्या तळाशी बसवलं.

हाकेसाठी माझं मत 'राव'. 'राजा'चाच झिजलेला शब्द, दोन सरदारांमध्ये शोभणारा. 'संपवा राव, लाज राखा.'

सांजवात:
'लाज राखा' नको. ते द्रौपदीने कृष्णाला म्हणायचं. त्यात धावा आहे, शरण जाणं आहे. हा गडी शरण कुठे गेलाय? तो फक्त तमाशा आवरा म्हणतोय.

चिकूमिल्कशेक:
मला 'राव' आवडला पण वेगळ्या कारणाने. आमच्या पुण्यात 'राव' एकेरीतच चालतो. 'जाऊ दे ना राव', 'सोड की राव'. मान आणि एकेरी एकाच वाक्यात, मुळाक्षरदादा म्हणतायत तस्सं! प्रॉब्लेम इतकाच की तो कट्ट्यावरचा राव आहे. मरताना कुणी म्हणत नाही.

भरतीओहोटी:
'संपवा' म्हटलं की आजकाल 'खून करा' असंच वाटतं. आमच्याकडे काम रेंगाळलं की म्हणतात 'उरका'. भाताची लावणी उरका, जेवणं उरका. मारणारा काम रेंगाळवतोय, म्हणून 'उरका'. त्यात थोडी तुच्छताही येते, मरणाऱ्याची स्वतःच्याच मरणाबद्दलची.

मुळाक्षर:
'उरका'! हा शब्द मला सात जन्मांत सुचला नसता. आणि सांजवातताईंनी 'तमाशा' म्हटलं त्यावरून पुढचं सापडलं: शोभा. 'लोकांत शोभा करू नका' म्हणतो ना आपण? चारचौघांत अब्रू काढायला 'शोभा' म्हणणारी भाषा जगात दुसरी असेल का, देव जाणे.

'उरका राव, शोभा पुरे.'

मूळ वाक्यात सहा अक्षरांचा झटका आहे, 'वाश्च' आणि 'ओश्चेंच' कानाला जुळतात. इथे यमक नाही, पण झटका आहे. एकेरी गेली, ती जाऊ दे. 'उरक राव' लिहून पाहिलं तर नवरा बायकोच्या आंघोळीसाठी बाहेर ताटकळतोय असं वाटलं. तिकडे आता एखाद्याचं भाषण लांबलं किंवा बुद्धिबळात कुणी हरलेला डाव ओढत बसला तरी हे वाक्य टाकतात. आपलंही तिथे चालेल.

बुद्धिबळावरून आठवलं. पोलिश पटावर राणी नसते, 'हेत्मान' असतो, म्हणजे सेनापती. आपल्याकडेही राणी नाही, वजीर आहे. सिनेमातला मोठा खलनायक यानुश राजिवीव हा लिथुआनियाचा थोरला हेत्मान. 'सरनौबत' लिहिणार होतो, पण सरनौबत राजाचा चाकर असतो, आणि या माणसाला स्वतःलाच राजा व्हायची घाई. 'सेनापती'वर भागवलंय.

दफ्तरदार:
तो स्वीडनला जाऊन मिळतो, त्या करणीला शब्द कोणता योजलात? मेजवानीचा प्रसंग असणार ना त्यात?

मुळाक्षर:
आहे ना. कियेइदानीचा वाडा, झाडून सगळे सरदार पंगतीला, आणि राजिवीव पेला उंचावून स्वीडनच्या राजाचा जयजयकार करतो. आधी सन्नाटा. मग एकेक कर्नल उठतो आणि आपल्या अधिकाराचा दंड, 'बुवावा', त्याच्या पायाशी फेकतो. आणि आरोळी उठते: 'झ्द्राय्त्सा!'

एकच शब्द आहे, तो ओरडता आला पाहिजे. 'देशद्रोही' पाच अक्षरांचा कायदा वाटतो. 'गद्दार' गेल्या काही वर्षांत प्रचारसभांनी इतका घासलाय की त्याला धार उरली नाही. शिवाय वाचणारा लगेच कुठला पक्ष ते शोधू लागेल. 'फितूर' काळाला धरून आहे, पण आता तो कोर्टात गेलाय, 'साक्षीदार फितूर झाला'.

सांजवात:
'देशद्रोही'त अक्षरं चार आहेत. रागात मोजू नका.

दफ्तरदार:
हरामखोर. आज ती नुसती शिवी झाली आहे, पण जुन्या कागदांत 'हरामखोरी' म्हणजे धन्याशी बेइमानी, नेमकी तीच. आणि ओरडायला तर असा शब्द नाही. 'बुवावा'ला 'दंड' पुरे. मला 'शिक्के कट्यार' सुचली होती, अधिकाराची खूण म्हणून, पण पडद्यावर लोक दंड फेकताना दिसतायत आणि खाली कट्यार वाचायची, हे बरं नव्हे.

मुळाक्षर:
हरामखोर घेतला. आणि घेतल्यावर एक वेगळीच गोष्ट उघडली. क्मिचित्सने आधीच क्रुसावर हात ठेवून राजिवीवला शब्द दिलेला असतो, की मरेपर्यंत साथ सोडणार नाही. म्हणून सगळे उठतात तेव्हा तो जागचा हलत नाही. जिच्यावर जीव आहे ती ओलेन्का पाहतेय, आणि हा तसाच. पुढे सगळा देश त्यालाही झ्द्राय्त्साच म्हणतो. इंग्रजी सबटायटलांत दोघांना एकच शब्द आहे. पण आपल्याकडे निमकहराम आहे तसा निमकहलालही आहे. राजिवीव राजाशी निमकहराम. क्मिचित्स राजिवीवशी निमकहलाल, आणि निमकहलाल राहिला म्हणूनच देशाचा फितूर. म्हणून मी शब्द वाटून टाकले: राजिवीवला 'हरामखोर', क्मिचित्सला 'फितूर'. मूळात हा भेद नाही, मी घुसवला आहे. पाप असेल तर माझ्या माथी.

सांजवात:
पाप आहे. पण असू दे.

चिकूमिल्कशेक:
'शिलेदार' मध्येच टाकलात तो कुठून?

मुळाक्षर:
तो फुकट मिळाला. त्यांच्या घोडदळात 'तोवाझिश' असायचा, स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं, आणि सोबत स्वतःच्या पदरची दोन-चार माणसं, त्यांचेही घोडे त्यानेच द्यायचे. तोवाझिश तो शिलेदार, पदरचा तो बारगीर. जराही ओढाताण नाही. उलट 'श्लाख्ता' या त्यांच्या खानदानी वर्गाला शब्द सापडेना. 'उमराव' म्हणावं तर शेकडा ८-१० माणसं त्या वर्गातली, आणि त्यातली कित्येक स्वतः नांगर धरणारी. सिनेमातले लाउदाचे लोक तसेच आहेत. शेतात राबतात, पण कमरेची तलवार सुटत नाही, आणि कुळाचा विषय निघाला की ऐकवत नाही. 'खानदानी' म्हणून सोडून दिलंय. तुम्हाला कुणी आठवत असेल तर मनात ठेवा.

झाग्वोबा म्हणून एक बढाईखोर म्हातारा आहे, ऊठसूट लॅटिन फेकतो. त्याच्या लॅटिनला फारसी द्यावी की संस्कृत यावर अर्धा दिवस घालवला. तेव्हाच्या मराठी दरबारात फारसी इतकी मुरली होती की पुढे शिवाजीमहाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पण फारसी कामाची, आणि झाग्वोबाला काम नको, विद्वत्ता मिरवायची आहे. संस्कृतच दिली, तीही थोडी चुकीची.

सांजवात:
चुकीची मुद्दाम ना?

मुळाक्षर:
काही मुद्दाम, काही माझी. तपासायला तुम्हालाच पाठवतो.

शेवटचा एक प्रश्न, मग छळत नाही. चेंस्तोहोवाच्या यास्ना गुरा मठाला स्वीडननी १६५५च्या नोव्हेंबर-डिसेंबरात वेढा घातला. त्यांच्याकडे एक अजस्र तोफ आहे, मठाची भिंत फोडणारी. क्मिचित्स रात्री एकटा जाऊन तोफेच्या तोंडात दारूने ठासलेली एक लांबलचक पिशवी सरकवतो आणि वात पेटवतो. त्या पिशवीला तो म्हणतो 'किश्का'. किश्का म्हणजे आतडं, आणि आतड्यात सारण भरून करतात तो पदार्थसुद्धा. शब्दात खट्याळपणा आहे, तो सोडवत नाही.

चिकूमिल्कशेक:
माझं आजोळ मडगाव. चोरीस! डुकराच्या आतड्यात मसाला ठासलेला. अर्थ अचूक, फक्त गोव्याबाहेर कुणाला कळणार नाही. आणि ज्यांना कळेल त्यांना भूक लागेल.

भरतीओहोटी:
सरळ 'आतडं' लिहा की. 'आतड्यात ठासून दारू भरली आणि पेटवली.'

मुळाक्षर:
तेच लिहिलं होतं. आमच्या ज्येष्ठांपैकी एकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'म्हणजे आमच्या शेजाऱ्यासारखं?'